मंगळवारचा परोपकार

ज्या मनुष्याला दर मंगळवारी सायंकाळी साडेसात वाजता मानवजातीच्या सेवेसाठी घराबाहेर पडावे लागते, आणि बाहेर पडतेवेळी 'येताना विरजणापुरतं दही आणा' ही त्याच मानवजातीच्या एका निकटवर्ती घटकाने केलेली माफक विनंती ज्याला लागोपाठ तीन मंगळवार पुरी करता आलेली नाही, त्याच्या मनःस्थितीचे वर्णन करण्यास माझ्याहून अधिकारी पुरुष मिळणे कठीण आहे. चौथ्या मंगळवारी आमच्या सौभाग्यवतींनी दह्याचे नावच काढले नाही. त्यांनी फक्त विचारले, "अहो, आज कोणत्या देशाचं दुःख निवारायचं आहे?"

"कॅनडाचं," मी म्हणालो.

त्यावर त्यांनी शेजारी वाटी पाठवली.

मामलेदार कचेरीत छत्तीस वर्षे बारनिशी, दप्तर आणि तगाई यांच्या सहवासात काढून मी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, तेव्हा सेवा क्लबाचा सभासद होण्याचा माझा तिळमात्र मानस नव्हता. परंतु आमच्या गावच्या दंतवैद्यांनी माझ्या खालच्या दाढेला चिमट्यात धरलेले असताना "येता ना आमच्या क्लबात?" असा प्रश्न केला आणि माझ्या घशातून जो ध्वनी बाहेर पडला त्याची होकारार्थी नोंद घेतली. पुढच्याच सभेत, यांना इंग्रजी पत्रव्यवहाराचा सराव आहे एवढ्या आधारावर मला चिटणीस करण्यात आले. सराव होता, हे खोटे नाही. पण तो सारा थकबाकीदारांशी होता.

आमचा क्लब चक्राचा की सिंहाचा, हे उघड करण्यास मला कार्यकारिणीचा मज्जाव आहे. आमच्या चिन्हात दात आहेत, इतकेच सांगतो. आणि दात दोघांनाही असतात, रोटरीच्या चाकाला तर मोजून चोवीस. या दोन्ही घराण्यांचे मूळस्थान शिकागो. तेथे पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा अभियंता आणि एक शिंपी अशा तीन स्नेह्यांना जमवून पहिली बैठक भरवली, आणि पुढे या बैठका पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत फिरत्या भरू लागल्या म्हणून त्या मंडळाचे नाव रोटरी पडले. आमच्याकडे बैठक फिरत नाही, शाल फिरते. प्रमुख पाहुण्यांच्या खांद्यांवर घालण्यासाठी क्लबापाशी एकच शाल आहे. गावातले पाहुणे समजूतदार असल्यामुळे छायाचित्र निघाले की जिना उतरताना ती खिळ्याला अडकवून जातात. सिंहांची कुळकथा मेल्विन जोन्स या विमाव्यवसायी गृहस्थापासून, १९१७ साली सुरू होते. त्या कुळात सभासदांना दंड ठोठावणाऱ्या अधिकाऱ्याला 'टेल ट्विस्टर', म्हणजे शेपूट पिरगाळणारा, अशी अधिकृत संज्ञा आहे. हे कृत्य आमच्या मुलखात परंपरेने बैलाच्या बाबतीत करतात. सिंहाच्या बाबतीत ते करून हिशेब द्यायला परत आलेला इसम माझ्या ऐकिवात नाही.

सभेची वेळ साडेसात. याचा अर्थ, साडेसातला सभासद घरी मोजे शोधू लागतात. धान्याच्या वखारीवरील माडीवर आम्ही जमतो, आणि तेथे किती जण जमणार हे वक्त्याच्या विद्वत्तेवर नसून वड्यांच्या वासावर अवलंबून असते. ज्या मंगळवारी अल्पोपाहारात नुसते पोहे असतात त्या मंगळवारी गणसंख्येअभावी सभा तहकूब करण्याची पाळी येते. जिलबी असली की ज्यांची वर्गणी तीन वर्षे थकली आहे असे सभासदही बंधुभावाने व्याकूळ होऊन येतात. जे चुकतात त्यांना हजेरीची भरपाई अन्य कोणत्याही गावच्या क्लबात करता येते, अशी सोय आमच्या पूर्वसूरींनी करून ठेवली आहे. या भरपाईला 'मेकअप' म्हणतात. आमचे एक वकील सभासद "मिरजेला मेकअप करून येतो" असे सांगून घराबाहेर पडले, त्या रात्री त्यांच्या घरी उलटतपासणी झाली. व्यवसायाच्या इतक्या वर्षांत त्यांनी घेतली नसेल इतकी ती कसून होती.

घंटा होते, राष्ट्रगीत होते, पाहुण्यांचा परिचय होतो. परिचय वीस मिनिटे, व्याख्यान पंधरा आणि आभार पंचवीस, हे प्रमाण आमच्याकडे ठरून गेलेले आहे. मूतखड्यावरील एका व्याख्यानात वक्त्यांनी खड्याचा आकार दाखवण्यासाठी ताटातील बुंदीचा दाणा उचलला, तेव्हापासून वैद्यकीय विषय फराळानंतरच ठेवावेत असा ठराव आहे. मग सार्जंट महाशय उठतात आणि दंडवसुली करतात. ज्याचे नाव वर्तमानपत्रात आले त्याला दंड, ज्याने नवी मोटार घेतली त्याला दंड, आणि ज्याच्या लग्नाचा वाढदिवस आहे त्याला, अनवधानाने केलेल्या कृत्याची वारंवार शिक्षा असू नये हे न्यायतत्त्व धाब्यावर बसवून, दरवर्षी दंड.

या सर्वांत सर्वाधिक उपेक्षित विधी म्हणजे चिटणिसाने मागील सभेचे इतिवृत्त वाचणे. माझे अक्षर मोत्यासारखे, भाषा कचेरीत तावूनसुलाखून निघालेली. परंतु मी वाचू लागलो की सभासद द्राक्षांचे भाव बोलू लागत. अखेर एका मंगळवारी, केवळ कोणी ऐकते की नाही याची रुजवात घालावी म्हणून, मी इतिवृत्तात एक कलम घुसडले: 'दक्षिण ध्रुवावर पाणपोई घालण्याची तजवीज करावी असे सर्वानुमते ठरले.' अध्यक्षांनी विचारले, "इतिवृत्त कायम करावे काय?" चहूकडून "कायम, कायम" असा गजर झाला, आणि दंतवैद्यांनी अनुमोदन दिले.

या एका वाक्याने पुढील सारा अनर्थ ओढवला.

दोन महिन्यांनी प्रांतपालांची अधिकृत भेट होती. प्रांतपाल म्हणजे आमच्या प्रांतातील शेकडो क्लबांचे वरिष्ठ, आणि भेट म्हणजे मामलेदाराच्या दप्तराला कलेक्टरची तपासणी लागावी तसा प्रकार. त्यांनी आमची वृक्षारोपणाची छायाचित्रे पाहिली, पाचही वर्षांच्या छायाचित्रांत खड्डा तोच आहे हे त्यांच्या लक्षात आले नाही, आणि मग त्यांनी इतिवृत्ताची वही उघडली. मी मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली. वाचता वाचता त्यांची मुद्रा उजळली. "तालुक्याच्या क्लबाकडून इतकी विशाल दृष्टी!" ते म्हणाले, "आंतरराष्ट्रीय सेवेचं महत्त्व तुम्हीच ओळखलंत. या पाणपोईची प्रगती कुठवर आली?"

अध्यक्षांनी माझ्याकडे एकवार पाहिले. त्या दृष्टीत माझ्या उर्वरित कारकिर्दीचा पंचनामा होता.

"पत्रव्यवहार चालू आहे," ते म्हणाले.

त्या रात्री कार्यकारिणीची तातडीची बैठक भरली. दक्षिण ध्रुवावर क्लब नाही आणि तेथील रहिवाशांना पाण्याची ददात नाही, हे भूगोलाच्या शिक्षकांनी स्पष्ट केल्यावर, ध्रुवाहून जवळ परंतु थंडीत कमी नाही असा देश शोधण्याचे ठरले. मी थोडे वाचन केले होते. ते येथे कामी आले. रोटरीने अमेरिकेची सीमा प्रथम ओलांडली ती १९१० साली, कॅनडातील विनिपेगला क्लब काढून. आणि सिंहांनी ओलांडली ती १९२० साली, त्याच देशातील विंडसरला. म्हणजे चक्र असो वा सिंह, दोघांच्याही आंतरराष्ट्रीयत्वाचा श्रीगणेशा कॅनडातच झाला. "मग आपण कोण मोठे लागून गेलो?" अध्यक्ष म्हणाले, आणि मॅनिटोबा प्रांतातील, गव्हाच्या शेतांमध्ये वसलेल्या एका लहानशा गावातील क्लबाशी भगिनीसंबंध जोडण्याचा ठराव मंजूर झाला.

मसुदा मीच केला. इंग्रजीत होता, पण त्याचा आशय असा: 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपल्या गावातील गरजू व निराधार इसमांची यादी, वय व वार्षिक उत्पन्नाच्या तपशिलासह, हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांचे आत सादर करावी. कसूर झाल्यास आपणांस याबाबत काहीएक म्हणावयाचे नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल.' चौदाव्या दिवशी उत्तर आले. बिचाऱ्यांनी उशिराबद्दल तीन वेळा क्षमा मागितली होती. आपल्या गावी रुग्णालय, ग्रंथालय आणि बर्फावर घसरण्याचे मैदान असून तूर्त निराधार असे कोणी आढळत नाही, शोध चालू आहे, असे लिहून त्यांनी अत्यंत ऋजुतेने विचारले होते की, आपल्याच गावच्या गरजा कळवल्यास आम्हांला मदत करण्यात आनंद वाटेल.

हे पत्र वाचून दाखवताच सभेत जी शांतता पसरली ती माझ्या इतिवृत्ताला आयुष्यात लाभली नव्हती.

"म्हणजे ते आपल्याला गरीब समजतात?" भांड्यांचे व्यापारी गरजले. "अहो, पाच कोसांवर साखर कारखाना आहे! बेदाणा परदेशी जातो आपला!"

"पण साहेब," मी भीत भीत म्हणालो, "कोणी तरी गरजू झाल्याशिवाय कोणाला तरी दाता कसं होता येईल?"

"मग त्यांनी व्हावं. त्यांच्याकडे उणे तीस अंश थंडी असते. उणे म्हणजे तूटच की नाही?"

अशा रीतीने दोन खंडांतील दोन क्लब, दोघेही दान करण्यास उतावीळ आणि दान घेण्यास दोघेही नाखूष, सात महिने एकमेकांना गरिबीचा आग्रह करीत राहिले. लग्नाच्या पंक्तीत दोन व्याही एकमेकांच्या पानात जिलबी लोटतात, त्याच चालीने हा पत्रव्यवहार चालला. माझी जावक वही भरली आणि दुसरी आणावी लागली.

वास्तविक गरजवंत आमच्या जिन्याखालीच उभा असे. वखारीला लागून नगरपालिकेची शाळा आहे, तिचे छप्पर गळते, आणि तिचे गुरुजी दर मंगळवारी चाळीस मंगळुरी कौलांसाठी अर्ज घेऊन येत. अर्ज मी आवक करून घेई, अध्यक्ष त्यावर सहानुभूतीचा शेरा मारीत, आणि हा विषय स्थानिक स्वरूपाचा असून चालू वर्ष आंतरराष्ट्रीय सेवेचे असल्याने तो पुढे ढकलण्यात येई. गुरुजींना आम्ही रिकाम्या हाताने कधीच पाठवले नाही. दोन वडे कागदात बांधून देत असू.

एक गोष्ट मात्र येथे थट्टा थांबवून सांगितली पाहिजे. या मंडळींच्या हातून मोठे काहीच घडत नाही, असे नाही. पोलिओ जगातून घालवण्याचा विडा रोटरीने १९८५ साली उचलला, आणि आपल्या देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्याकडे आढळल्यानंतर २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. पोलिओचे थेंब पाजण्याच्या रविवारांत आम्हीही थंड पेट्या गळ्यात अडकवून हिंडलो आहोत. माझ्याकडे डोस मिळालेल्या बालकाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण करण्याचे काम होते. एका बालकाने खूण आधी करून घेतली आणि थेंब न घेताच धूम ठोकली. त्याला तालमीमागे गाठून परत आणेपर्यंत माझ्या दोन्ही हातांच्या करंगळ्या, धोतराचा सोगा आणि एका निरपराध शेळीचा कान यांवर डोस मिळाल्याच्या खुणा झाल्या होत्या.

असो. सात महिन्यांनी तह झाला. दोघांनी एकमेकांना मदत करावी आणि दोघांनीही स्वतःला दाता समजावे. प्रथम पैशाचा विचार निघाला, पण परदेशातून देणगी घ्यायची तर २०१० चा कायदा, गृहमंत्रालयाची परवानगी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर खुद्द राजधानीतील एका नेमून दिलेल्या शाखेत खाते, असे मी सांगताच खजिनदारांनी विचारले, "दिल्लीला जायचा खर्च येणाऱ्या देणगीतून वळता करता येईल का?" पैसा तेथेच तहकूब झाला. आम्ही कॅनडाच्या थंडीवर उतारा म्हणून शंभर सोलापुरी चादरी पाठवायच्या ठरवल्या. दंडाच्या पेटीत जमलेली रक्कम पाहून खजिनदार खिन्न झाले, तेव्हा मी त्यांना धीर दिला की, ज्या रोटरी फाउंडेशनचा आज जगभर बोलबाला आहे त्याला कॅन्सस सिटीच्या क्लबाकडून मिळालेली पहिली देणगी अवघी साडेसव्वीस डॉलरची होती. खजिनदार म्हणाले, "त्यांना त्यातून चादरी नव्हत्या पाठवायच्या." दुकानातून शंभर चादरी छायाचित्रापुरत्या उसन्या आणल्या, फलकावर 'शंभर चादरी, एक विश्व' असे रंगवले, छायाचित्र निघाले. मग टपालखर्चाचा आकडा कळला आणि प्रत्यक्षात शकुनाच्या म्हणून अकरा गेल्या.

तिकडून दोनशे चाळीस लोकरी टोप्या निघाल्या. तेथील आजीबाईंनी हिवाळाभर बसून त्या आमच्या गावच्या मुलांसाठी विणल्या होत्या, आणि वैशाखात त्या बंदरावर येऊन पोहोचल्या. वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध असल्यामुळे टोप्या कोऱ्या आहेत काय, अशी पृच्छा झाली. मी ती इमानेइतबारे कॅनडाला कळवली. आजीबाईंचे उत्तर त्याहून इमानदार होते: माप बरोबर यावे म्हणून प्रत्येक टोपी एकेकदा नातवाच्या डोक्यावर घालून पाहिली आहे. या कबुलीजबाबावर माझे पुढील सहा खुलासे खर्ची पडले. हमाली, भाडे आणि गोदीतील मुक्कामाचा आकार मिळून जी रक्कम झाली ती पाहून खजिनदार एवढेच म्हणाले, "आजवर लोकांनी एकेक टोपी घातली. दोनशे चाळीस एकदम कोणी घातल्या नव्हत्या."

ज्येष्ठात, पावसाला सुरुवात झाली त्या आठवड्यात, टोप्यांचे वाटप झाले. आंतरराष्ट्रीय मदत असल्याने ती गुरुजींच्या शाळेला देण्यास आता कोणाचीच हरकत नव्हती. गळक्या छपराखाली दोनशे चाळीस मुले कानापर्यंत लोकर ओढून, घामाने आणि पावसाने सारखीच भिजत बसली होती. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी आभाराचे पत्र धाडले. टोप्यांनी पाणी उत्तम शोषले जाते, जमीन कोरडी राहते, तरी त्या वाळत घालण्यासाठी पंचवीस हात दोरी मिळाल्यास उपकार होतील, असा मजकूर होता. दोरीचा विषय स्थानिक असल्याने पुढे ढकलला.

आणि मग खुद्द कॅनडाची मंडळी आली. एक वृद्ध जोडपे, उत्साही, गोरेपान, आल्या दिवसापासून लालभडक. आमची छायाचित्रे पाहून या देशात सन्मान करायचा म्हणजे अंगावर वस्त्र घालायचे एवढे त्यांना उमगले होते. त्यामुळे सभेत आमची शाल त्यांच्या खांद्यावर पडण्यापूर्वीच त्यांनी पिशवीतून आमचीच एक सोलापुरी चादर काढून अध्यक्षांना गुंडाळली. जूनच्या उकाड्यात अध्यक्षांनी तिच्यातून संपूर्ण भाषण केले. पुढे टोप्यांचा उपयोग पाहायला पाहुणे शाळेत गेले. तेथे त्यांनी मुलांकडे पाहिले, टोप्यांकडे पाहिले, मग वर पाहिले.

"छपराला काय झालं?" त्यांनी विचारले. मी दुभाष्या होतो.

"प्रस्ताव विचाराधीन आहे," मी भाषांतर केले.

दुर्दैवाने पाहुणे जन्मभर छपरे शाकारण्याचा धंदा केलेले होते आणि त्यांच्या क्लबात ते त्याच धंद्याचे प्रतिनिधी म्हणून होते. पाऊस उघडला होता. शिपायाची शिडी भिंतीला टेकलेली होती. आम्ही हारतुरे सावरतो आहोत तोवर गृहस्थ वर पोहोचले. तिकडची छपरे फळ्यांवर खिळे ठोकून केलेली, त्यांवर माणूस बिनदिक्कत फिरतो. आपल्या मंगळुरी कौलांवर मांजरसुद्धा विचार करून चालते. पहिल्या पावलाला तीन कौले गेली, ती वाचवायला मागे सरले तेव्हा चार, आणि खालून अध्यक्षांनी "सावकाश, सावकाश" असे ओरडताच ते वळून अभिवादन करू लागले त्यात आणखी सहा. शिपायाने त्यांना कंबरेला धरून उतरवले. छायाचित्रकाराने सर्व क्षण टिपले, परंतु प्रत्येकात पाहुण्यांचे फक्त पाय आले आहेत.

पुढच्या मंगळवारी सभेत विषय निघाला तेव्हा वकीलसाहेबांनी कायद्याचा मुद्दा काढला: सदर छिद्रे परकीय नागरिकाच्या हातून, किंबहुना पायांतून, पडलेली असल्याने ती स्थानिक म्हणता येत नाहीत. आधीची गळती आणि नंतरची गळती वेगळी करणे पंचांनाही शक्य नाही; सबब सर्व छप्पर आंतरराष्ट्रीय. अध्यक्षांचे डोळे लकाकले. ठराव एकमताने मंजूर झाला. तारीख ३० जून होती, आणि १ जुलैला, आमच्या दोन्ही घराण्यांच्या रिवाजाप्रमाणे, नवे अध्यक्ष यायचे होते. या नव्या अध्यक्षांनी आपले वर्ष वृक्षारोपणाचे म्हणून आधीच जाहीर केलेले होते.

जिना उतरताना खिळ्याला शाल होती आणि खाली गुरुजी होते. त्यांनी नेहमीचाच अर्ज पुढे केला. चाळीस खोडून त्रेपन्न केले होते आणि विषयाच्या ओळीत निळ्या शाईने एक शब्द वाढवला होता: 'शाळेच्या आंतरराष्ट्रीय गळतीबाबत.'

"गुरुजी, तारीख घालायची राहिली," मी म्हणालो.

"राहिली नाही, अण्णा. कोरीच ठेवलीय."

मी तेथेच जिन्याच्या कठड्यावर वही टेकवून त्याला आवक क्रमांक दिला. दही त्याही दिवशी राहिले.